ताट पडलं नव्हतं

प्रश्न : ताई, आमच्या आजोळच्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मामा, मावश्या, भावंडं धरून तीसेक जण. हल्ली यूट्यूबवर २००० सालानंतरच्या कौटुंबिक मालिकांचे जुने भाग सापडतात. त्यातल्या एका मालिकेचे भाग मी दीडपट वेगाने बघतो आणि ग्रुपवर त्यांचा विनोदी सारांश टाकतो. भावंडं खूश होती. मग तो भाग आला ज्यात सत्यनारायणाच्या पूजेत मेलेला नवरा दारात येऊन उभा राहतो. त्यावरचा माझा सारांश वाचून मोठ्या मावशीने पाच दुरुस्त्यांचा मेसेज टाकला आणि ग्रुप सोडला. आई म्हणते, तिची ती मालिका होती, तू कशाला मध्ये तोंड घातलंस? मामा म्हणतो, ती पहिल्यापासून हळवी आहे, येईल आपोआप. मावसबहीण म्हणते, मुळात तुझं लिखाण विनोदी नव्हतंच. मी लिहिणं थांबवू का? मावशीला परत कसं आणू? आणि एक मित्र म्हणतोय, हे सगळं इन्स्टाग्रामवर टाक, मस्त चालेल. टाकू का? माझा मजकूर, मावशीचा मेसेज आणि त्या भागाची लिंक सोबत जोडली आहे.
– ग्रुपवर उरलेला भाचा (वय २६)

उत्तर : मावसबहिणीला सांग, तिचं निदान बरोबर आहे. तुझं लिखाण विनोदी नव्हतं. मावशी गेली ती मला वाटतं त्यामुळेच. घरातलं कुणीही या बाजूने बघत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मालिकेचं नाव छापत नाही. छापलं तर या सदराला पुढचे दोन महिने फक्त त्याच मालिकेबद्दल पत्रं येतील, आणि नोकरी, लग्न, शेजारी असे बाकीचे प्रश्न तुंबून राहतील. पण तुझ्या सारांशातला मधला तुकडा वाचकांपुढे ठेवायलाच हवा:

"मग टिपिकल ड्रामा. नवरा दारात. मागे ढॅण ढॅण ढॅण. बाईच्या हातून पूजेचं ताट पडतं (अर्थातच!), बाई चक्कर येऊन पडते (अर्थातच!!), सगळे रडतात. नवऱ्याचा चेहराच बदललाय पण कुणाला पत्ता नाही. जाऊ स्वतःशीच मोठ्याने बोलते, वेडी आहे का? शेवटी जाऊला माफ. मूर्खपणाची हद्द. हे बघून ज्यांनी रुमाल भिजवले त्यांना माझा साष्टांग नमस्कार."

आता मावशीचा मेसेज. तो पूर्ण देते, कारण या सगळ्या पत्रव्यवहारात वाचण्यासारखं काही असेल तर तेच आहे:

"१. ताट पडलं नाही. तिने ते खाली ठेवलं. मग ती पडली. २. नवरा बदलला हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. पंधरा दिवस आम्ही नव्याला नावं ठेवली, मग सवय झाली. ३. सगळे रडत नाहीत. धाकटी जाऊ रडत नाही. ४. पूजा सत्यनारायणाची नव्हती, वास्तुशांत होती. गुरुजी दोन होते. ५. जाऊला माफ केलं ते मूर्ख म्हणून नाही. वाड्याचे कागद जाऊकडे होते."

मला लिहिलेल्या पत्रातही तू पुन्हा सत्यनारायणच म्हटलं आहेस. म्हणजे मावशीच्या दुरुस्त्या तू वाचल्या नाहीस, फक्त ती रागावली एवढंच वाचलंस.

लिंकवरून मी तो भाग बघितला, साध्या वेगाने. आरतीचं ताट बाईच्या हातात आहे, निरांजन पेटलेलं आहे. दारात नवरा. चौदा महिन्यांपूर्वी बोट उलटून गेलेला. ती त्याच्याकडे बघते, कॅमेरा तिच्याकडे तीन वेळा झेपावतो, बाकीच्या सगळ्यांकडेही झेपावतो. मग ती मागे वळते. चौरंगावर जागा नसते. ती नारळ थोडा बाजूला सरकवते, ताट नीट टेकवते, आणि मग शुद्ध हरपते.

अरे, मेलेला नवरा दारात उभा आणि ही नारळ सरकवतेय! यापेक्षा विनोदी काही तू सबंध महिन्यात लिहिलं आहेस का? ज्या घरात तूप सांडलं तर पुसायला आपल्यालाच बसायचंय, त्या घरातली बाई बेशुद्धसुद्धा आवरून पडते. हा विनोद त्या भागात आयता होता. मावशीने तो पहिल्याच ओळीत तुझ्या हातात ठेवला. दहा शब्दांत, एकही उद्गारचिन्ह न वापरता. आणि तू पडलेलं ताट घेऊन बसलास, जे कधी पडलंच नव्हतं.

ते का पडलं नसावं, याचा मला एक अंदाज आहे. रोज भाग दाखवायचा म्हणजे रोज साधारण एका भागाइतकं चित्रीकरण उरकावंच लागतं. हळद, कुंकू, फुलं, तेलवात यांनी भरलेलं ताट एकदा खाली आपटलं की गालिचा साफ करा, ताट पुन्हा भरा, बाईंच्या साडीवरचे डाग काढा. तेवढ्यात दुसरा सीन झाला असता. कुणीतरी शहाण्या माणसाने सेटवर सांगितलं असणार, ताई, तुम्ही ते खाली ठेवूनच पडा. कारण काहीही असो, पडद्यावर जे घडलं ते हे. तुला मात्र ताट पडलेलं दिसलं, कारण मालिकांवरच्या नकला बघून बघून मालिकेत ताट पडतंच अशी तुझी खात्री झालेली आहे. तू मालिका बघितलीच नाहीस. मालिकांवर केलेले विनोद दीडपट वेगाने आठवलेस.

मामाला सांग, मावशी हळवी वगैरे नाही. हळव्या माणसाने "तू मला दुखावलंस" असं लिहिलं असतं. या बाईंनी पाच मुद्दे काढले आणि एकाही मुद्द्यात स्वतःला काय लागलं याबद्दल चकार शब्द नाही. ती अचूक आहे. अचूक माणसाला टिंगलीचा राग येत नाही, चुकीच्या टिंगलीचा येतो.

तुझी पिढी असं समजते की काल काय झालं ते तिखटमीठ लावून सांगायची कला इंटरनेटबरोबर आली. २००५च्या पुढची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. ऐन मालिकेच्या वेळेला वीज जायची. नवऱ्याने वहिनीचं पत्र फोडलं की नाही, हे अर्ध्या गावाला दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या गावाकडून कळायचं. लोकलच्या लेडीज डब्यात, शाळेच्या फाटकाशी, डबा खाताना ऑफिसात "काल काय झालं गं?" असा प्रश्न आला की एकजण सांगायला बसायची. ती नुसतं सांगत नसे. सासूचा आवाज काढायची, मधले निरर्थक दहा क्लोजअप एका हातवाऱ्यात उडवायची, "आणि मग ती बया म्हणते" अशी सुरुवात करून त्या बयेची पार सालं काढायची. ऐकणाऱ्या हसून बेजार होत. त्याच बाया संध्याकाळी पुन्हा टीव्हीपुढे बसून डोळे पुसत. दोन्हींत काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, मलाही वाटत नाही. तुझी मावशी त्यांच्यातली असणार. दुसऱ्या दुरुस्तीतलं "पंधरा दिवस नव्याला नावं ठेवली" हे वाक्य वाच. तुझ्या आधी वीस वर्षं या धंद्यात असलेलं माणूस ग्रुपवर होतं, आणि तू त्यालाच साष्टांग नमस्कार घालून मोकळा झालास.

खरं तर आपल्याकडच्या कौटुंबिक मालिकेचा जन्मच अशा सांगणाऱ्या माणसासकट झालेला आहे. मेक्सिकोतल्या मालिकांचा प्रकार बघून आलेल्या तेव्हाच्या माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी मनावर घेतलं आणि ७ जुलै १९८४ला दूरदर्शनवर 'हमलोग' सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि आज या घरात जे झालं त्यावर मिनिटभर प्रेक्षकांशी बोलायचे, थोडं गंमतीने, थोडं कान उपटत. म्हणजे सारांश आणि शेरा मालिकेतच शिवलेला. लोक त्यांना पत्रं लिहायचे, लाखोंनी. त्यात आपल्या घरातल्या अडचणी असायच्या. (माझ्या या सदराची आजी म्हणजे ती पत्रं, असं मी अधूनमधून मानते.)

आता दुसरी दुरुस्ती, नवरा बदलल्याची. "कुणाला पत्ता नाही" असं तू लिहिलंस. पत्ता सगळ्यांना होता. त्या काळी नवा माणूस आला की खाली पट्टी यायची किंवा आवाज सांगायचा की यापुढे ही भूमिका अमुक कलाकार साकारतील. नट दुसऱ्या कामाला गेला, तारखांचं जमलं नाही, पैशांवरून बिनसलं, कारणं नेहमीचीच. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर तुला ऐकून माहीत असेल. २००१मध्ये त्याला मारलं तर लोकांनी इतका गहजब केला की त्याला परत जिवंत करावं लागलं. अमर उपाध्यायनंतर इंदरकुमार, मग रोनित रॉय असे तीन मिहीर झाले आणि तुलसीने तिन्ही वेळा त्याला नवरा म्हणून ओळखलं. पुढे स्मृती इराणींच्या जागी काही काळ गौतमी कपूर तुलसी झाल्या, तेव्हा मिहीरने तिला ओळखलं. फिटंफाट. त्याच मालिकेत कथा २० वर्षांनी पुढे उडी मारायची आणि उडीच्या पलीकडेही बा, म्हणजे घरातल्या सगळ्यात थोरल्या आजी, आपल्या जागी बसलेल्या असायच्या. वय सगळ्यांनी वाटून घ्यायचं, एकट्या बांनी सोडून. हे असं नेमकं सांगितलं की हसू येतं. "लॉजिक गेलं तेल लावत" म्हटल्यावर कुणालाच काही दिसत नाही.

जाऊ स्वतःशी मोठ्याने बोलते याला तू वेड म्हणतोस. मालिका हा प्रकार १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर वाढला, साबणाच्या कंपन्या तिथे पैसे घालायच्या, आणि ऐकणाऱ्या बाया घरकामात असायच्या. आपल्याकडे टीव्ही असूनही बराचसा श्रोतावर्गच होता. संध्याकाळी सात-साडेसातला स्वयंपाकघरात कान मालिकेकडे आणि हात कणकेत अशी परिस्थिती. त्या बाईला जाऊने देव्हाऱ्यामागे कागद लपवलेले दिसणार कसे? म्हणून जाऊ लपवता लपवता सांगते, "आता हे कागद मी देव्हाऱ्यामागे लपवते, म्हणजे कुणाच्या बापाला सापडणार नाहीत." ती वेडी नाही, पोळ्या लाटणाऱ्यांची काळजी घेतेय. आता तू गंमत करायची तर याची कर, की वाड्यात अकरा माणसं, सगळ्यांचे कान शाबूत, आणि ही पडवीत उभी राहून आपला कट पूर्ण विरामचिन्हांसकट जाहीर करतेय, तरी ऐकू फक्त पोळ्या लाटणाऱ्या बाईलाच येतं.

तसंच ते सगळे एका ओळीत उभे असणं. तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, पण बघ. बाई बेशुद्ध पडलीय आणि अकरा माणसं अर्धवर्तुळात उभी आहेत, एकाचीही पाठ आपल्याकडे नाही. कारण पाठ दाखवणाऱ्याचा चेहरा घ्यायला कॅमेरा पलीकडे न्यावा लागतो, दिवे पुन्हा लावावे लागतात, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. एवढं माहीत असलं की त्या दृश्याला वेगळीच रंगत येते. घर कोसळलं तरी ही माणसं कॅमेऱ्याकडे तोंड करूनच कोसळतील.

मी काय म्हणतेय ते दाखवायला तुझाच प्रसंग पुन्हा लिहिते. मावशीच्या दुरुस्त्या धरून आणि शेरेबाजी वगळून:

"वाड्यात आज वास्तुशांत आहे. वाडा दोनशे वर्षांचा, शांत आज. गुरुजी दोन आहेत: थोरल्यांना मंत्र म्हणायचे आहेत, धाकट्यांना दचकायचं आहे. मोठ्या सुनेचा नवरा चौदा महिन्यांपूर्वी बोट उलटून गेला. प्रेत सापडलं नाही. मालिकेत ज्याचं प्रेत सापडत नाही तो रजेवर असतो, हे तिला ठाऊक असल्याने तिने मंगळसूत्र काढलेलं नाही. आरती सुरू होते. दार उघडतं. वारा येतो, झुंबर हलवतो, निरांजनाला हात लावत नाही. दारात तो. शर्टाला कडक इस्त्री. चौदा महिने कुठे काढले याचा कपड्यांवरून अंदाज लागत नाही, पण तिथे धोबी होता. 'मी आलोय,' तो म्हणतो. यावर पुढची चार मिनिटं कुणी काही विचारत नाही. सासरे चष्मा काढतात. आत्याबाई पदर तोंडाशी नेतात. थोरले गुरुजी डोळे मिटतात. धाकटे गुरुजी खांबाला टेकतात, जणू हरवलेला मुलगा त्यांचाच. मोठी सून बघते. वळते. नारळ सरकवते. ताट ठेवते. पडते. तिघंजण 'पाणी आणा' म्हणतात. कुणीही जात नाही, कारण पाण्याला गेलेला पुढच्या क्लोजअपला मुकेल. धाकटी जाऊ रडत नाही. ती देव्हाऱ्याकडे बघते. आज रात्री तिला पुन्हा स्वतःशी मोठ्याने बोलावं लागणार आहे."

यात "टिपिकल" नाही, "अर्थातच" नाही, मूर्ख कुणालाच म्हटलेलं नाही. धाकट्या गुरुजींचा शोध माझा नाही, चौथ्या दुरुस्तीचा आहे. तू पूजा सत्यनारायणाची करून टाकलीस आणि एका गुरुजींवर भागवलंस, त्यात त्या भागातला सगळ्यात मनापासून काम करणारा नट वाया गेला. त्याला एकही संवाद नाही, घराण्याशी त्याचा संबंध दक्षिणा मिळेपर्यंतचा, आणि तरी खांबाला काय टेकतो तो!

विनोदी सारांश गंभीर सारांशापेक्षा जास्त नेमका लागतो. गंभीर लिहिणारा "भावनिक प्रसंगानंतर कुटुंब एकत्र येतं" असं म्हणून सुटतो. हसवणाऱ्याला सुटका नाही. कुणाच्या हातात काय होतं, कोण आधी पडलं, कोण पडलंच नाही, हे त्याला ठाऊक असावं लागतं. तेव्हा लिहिणं थांबवू नकोस. वेग मात्र एकपट कर. शीर्षकगीतही ढकलत जाऊ नकोस. १९९९ची 'आभाळमाया' विचार कुणाला. कथा अर्धी विसरलेल्यांनाही देवकी पंडितांच्या आवाजातलं ते गाणं सुरुवातीच्या सुरापासून आठवतं. लोक आतल्या खोलीतून बाहेर यायचे ते त्या सुरांवर, म्हणजे मालिका तिथेच सुरू व्हायची.

एक वाक्य मात्र मागे घ्यायचं आहे, ते शेवटचं, भिजलेल्या रुमालांचं. ते क्रूर आहे म्हणून मागे घे असं मी म्हणत नाही. ते त्या भागात नाही म्हणून. वाड्यात अकरा माणसं आणि दोन गुरुजी होते. त्यांच्यावर वाटेल तेवढं हस. मावशी वाड्यात नव्हती, ती आपल्या घरी पाटावर किंवा खुर्चीवर बसून बघत होती. तिला तू फरफटत सारांशात आणलंस, तेही तिथे जे घडलं ते न बघता.

आता तिला परत कसं आणायचं. ग्रुपमध्ये पुन्हा जोडू नकोस, ते जबरदस्तीचं होतं आणि ती पुन्हा जाईल. दुसऱ्यांदा गेलेली माणसं परत यायला वेळ घेतात. आईला मध्ये घालू नकोस. "अगं मावशी, गंमत होती ती" हे तर मुळीच म्हणू नकोस, कारण तिचं म्हणणंच हे आहे की त्यात गंमत नव्हती. फोन कर. दुपारी कर, तिची झोप झाल्यावर. आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल सरळ माफी माग, एका दमात, स्पष्टीकरण न देता. मग लगेच प्रश्न विचार. प्रश्न खरा हवा, नाटकी नको. मला पडलेला एक देते: दोनशे वर्षांच्या वाड्यात वास्तुशांत कशासाठी होती? आधीच्या भागांत काहीतरी असणार, मागची पडवी पाडून नवीन बांधली असेल, कुणाचा तरी दोष काढायचा असेल. मी ते भाग बघितले नाहीत. तिने बघितले आहेत. ती चिडलेल्या आवाजात का होईना, उत्तर देईल. अचूक माणसाला चुकीची माहिती तशीच सोडून देणं जमत नाही, हा त्यांचा दुबळेपणा आहे, त्याचा फायदा घे.

त्याच दिवशी ग्रुपवर चूकदुरुस्ती टाक. तिच्या पाच दुरुस्त्या तिच्याच शब्दांत, क्रमाने, खाली तुझी एकही मखलाशी नाही. ती ग्रुपवर नसली तरी तुझी आई तो मेसेज तिला पाठवेलच, त्याची व्यवस्था तुला करावी लागणार नाही. पुढचा भाग लिहिलास की ग्रुपवर टाकण्याआधी तिला दाखव, तपासायला. "चांगला आहे का?" असं विचारू नकोस, "चुकलंय का कुठे?" असं विचार. ती ग्रुपवर परत येवो न येवो, तो तिचा प्रश्न. काही माणसांना तीस जणांच्या शुभ सकाळीतून सुटायला निमित्तच हवं असतं, आणि तू ते दिलंस अशीही एक शक्यता आहे.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात. स्वतःचं लिखाण टाकायला काही हरकत नाही. मालिकेची दृश्यं कापून त्याला जोडू नकोस; ती वाहिनीच्या आणि निर्मात्यांच्या मालकीची असतात, तक्रार आली की सगळंच खाली उतरतं. आणि मावशीचा मेसेज तिथे टाकायचा नाही, कितीही मजेशीर असला तरी, नाव पुसूनसुद्धा नाही, तिला विचारल्याशिवाय. (मी तो इथे छापला आहे कारण तिने तशी परवानगी दिली. संपादकांनी तुझ्याकडून तिचा नंबर घेतला तो त्यासाठी. फोनवर तिने चौथ्या दुरुस्तीत भर घातली ती अशी, की धाकटे गुरुजी पुढे दुसऱ्या एका मालिकेत इन्स्पेक्टर झाले.)

राहिली पाचवी दुरुस्ती, माफीची. "मूर्ख म्हणून नाही, कागद जाऊकडे होते" हे मावशीचं वाचन मला फार आवडलं, आणि ते तिचंच आहे. पडद्यावर तसं कुणी बोलत नाही. मालिका लिहिणारे एक ठरवतात आणि बघणाऱ्या वेगळंच घेऊन जातात, हे जुनंच आहे. 'हमलोग'मधली भागवंती, सगळं मुकाट सोसणारी आई, लिहिली गेली होती ती असं वागू नका हे दाखवायला. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की बऱ्याच प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. तुझ्या मावशीने उलट दिशेने मजल मारली आहे. लेखकाने त्यागमूर्ती लिहिली आणि हिला तिच्यात डावपेच दिसला.

तरी मी सहमत नाही. कागद देव्हाऱ्यामागे आहेत हे मोठ्या सुनेला त्या भागात माहीत नाही. शेवटच्या मिनिटात ती जाऊला जवळ घेते तेव्हा तिची नजर कुठेही वळत नाही, मी थांबवून बघितलं. मग माफी डावपेच कशी? मावशीचं म्हणणं टिकायचं असेल तर तिला ते आधीच कळलेलं असायला हवं, आणि ते कोणत्या भागात कळलं हे मावशीने दाखवून द्यावं. तिला फोन करशील तेव्हा हेही सांग. तिचं उत्तर आलं तर शब्दमर्यादा न घालता छापू.